पलीकडचा धूर

२ जुलै, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काय विश्रांती घेतली ते लिहून ठेवायचं आणि ऑगस्टात वही दाखवायची. माझं शिक्षण फिरत्या शाळेतलं. मास्तर गावात आले की शाळा, गेले की गाई. तेव्हा चुका निघतील. निघू देत.

रक्तदाब वाढलाय म्हणून ही सुट्टी. कागदाच्या गिरणीच्या खाणावळीत मी चारशे माणसांचं कालवण ढवळते तेव्हा तो वाढत नाही. बाई हाताला पट्टा बांधून मोजायला लागल्या की वाढतो. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘आउने, तुम्ही तळ्यावर जा आणि काहीही करू नका.’’

तर आजची विश्रांती. बसमधून उतरून सामान जंगलातून आमच्या खोपटापर्यंत आणलं. दार फुगलं होतं, लाथ घालून उघडलं. उंदरांनी गादीत बाळंतपणं केली होती, गादी उन्हात टाकली. चिमणी झाडली. विहिरीतून मेलेला बेडूक काढला. मग कॉफी केली आणि बसले. कॉफी संपल्यावर उठले.

ओस्मोने आरसा टांगला. नवरा म्हणून गेली तीस वर्षं या माणसाला ओळखते, पण हे कोडं सुटत नाही. दार उघडायच्या आधी त्याने पिशवीतून दाढीचा आरसा काढला, बोटीच्या धक्क्याजवळच्या पाइनवरच्या खिळ्याला लावला, तळ्याकडे पाठ करून बाकावर बसला आणि दाढी करायला लागला. सकाळी ओउलु शहरातून निघताना एकदा केलेली होती.

‘‘इथे कोणासाठी नटतोयस?’’ मी विचारलं. ‘‘डासांसाठी?’’

‘‘वाढते,’’ तो म्हणाला.

तळं जागेवर आहे.

३ जुलै, मंगळवार

विश्रांती: चिंध्यांच्या सतरंज्या धक्क्यावर नेऊन ब्रशने घासल्या. डास फार.

डॉक्टरीणबाई ही वही वाचणार, तर पलीकडचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पलीकडच्या काठावर विल्यो राहतो. माझा धाकटा दीर. तळं इतकं लहान की वारा नसला तर त्याचा खोकला इथे ऐकू येतो. पण दोघे भाऊ बोलत नाहीत. आमच्या रित्वाला दात येत होते तेव्हापासून. आता रित्वाच्या मुलीला येतायत.

झालं असं. सासऱ्यांचा वाफेच्या अंघोळीचा जुना सौना होता, बिनचिमणीचा. धूर आतच कोंडू द्यायचा, दगड तापले की धूर सोडायचा, मग माणसांनी आत शिरायचं. असे सौने जळतात. ज्याचा जळला नाही त्याने नीट तापवला नाही, असं सासरेच म्हणायचे. तर तो जून महिन्यातल्या सणाच्या दिवशी जळला. माणूस कोणी गेलं नाही. पण शेवटचं लाकूड कोणी टाकलं? ओस्मो म्हणाला, विल्योने. विल्यो म्हणाला, दादाने. सासरे काहीच बोलले नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात गेले. मग तर दोघांनी एकमेकांकडे बघायचंच सोडलं.

आगीतून दोनच वस्तू वाचल्या. पाण्याची तांब्याची बादली विल्योच्या हातात होती, आणि दगडांवर पाणी टाकायचं लांब दांड्याचं, तेही तांब्याचं, ओगराळं ओस्मोच्या. ज्याच्या हातात जे होतं ते त्याचं झालं. आम्ही आजही ते सुरेख ओगराळं रंगाच्या जुन्या डब्यात बुडवतो. विल्यो त्या सुरेख बादलीतून कॉफीच्या कपाने पाणी मारतो. हे मला त्याच्या बायकोने, सेल्माने सांगितलं होतं. आम्हा दोघींचं बरं होतं.

सेल्मा या हिवाळ्यात गेली. मातीला मी गेले. ओस्मोही आला, म्हणजे गावापर्यंत. फुलांचं चक्र त्याने निवडलं, फितीवर काय लिहायचं ते त्याने सांगितलं, आणि मग चक्र माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘‘माझा बूट चावतोय.’’ बसथांब्यावर बसून राहिला. हाडं गोठवणारी थंडी होती. मी परत आले तर भुवयांवर बर्फ जमलेलं.

तेव्हापासून विल्यो तिथे एकटा. जिवंत आहे हे कळतं ते शनिवारी, त्याच्या सौन्याचा धूर वर चढला की. नाही चढला, की समजायचं, गेला. आज दुपारी मी हे ओस्मोला असंच बोलून दाखवलं. तो जेवला नाही. मासे मीच संपवले.

५ जुलै, गुरुवार

फिरती दुकानगाडी आली. सोमवारी आणि गुरुवारी रस्त्यावर येते. चालवतो काउको, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. तो आधी पलीकडच्या रस्त्याने येतो, मग आमच्या.

ओस्मो कधी गाडीपाशी येत नाही. आज आला. गाडीचं चाक बघत उभा राहिला.

‘‘पलीकडे काय म्हणतात?’’ मी विचारलं. मला बोलायला कोणी मिळत नाही म्हणून.

‘‘विल्यो? बरा आहे,’’ काउको म्हणाला. ‘‘साखर, काडेपेट्या, काळा पाव. वेलदोडे पण घेतले.’’

‘‘वेलदोडे? त्याला कुठे गोड पाव भाजता येतो?’’

‘‘शिकतोय म्हणे. गेल्या वेळचा मला दिला होता. पाचर म्हणून चाकाखाली चालेल.’’ काउको हसला. मग माझ्या पिशवीत डोकावला. ‘‘तुम्ही काय काय घेतलंत ते विचारतो तो दर वेळी.’’

‘‘त्याला काय करायचंय?’’

‘‘मला काय माहीत? मागच्या वर्षी मी सांगितलं, तुम्ही खोकल्याचं औषध घेतलं. तर पुढच्या गुरुवारी विचारतो, परत घेतलं का?’’

‘‘सांग त्याला, कांदे घेतले,’’ मी म्हटलं. ‘‘आणि लोकांच्या पिशव्यांत नाक खुपसू नकोस म्हणावं.’’

ओस्मो म्हणाला, ‘‘चाकात हवा कमी आहे.’’ चाक फुगून टम्म होतं.

परत येऊन त्याने दाढी केली.

७ जुलै, शनिवार

सौना.

सकाळी सौना घासला, वाफेत अंगावर मारून घ्यायला बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधल्या, लाकडं आत नेऊन रचली. फक्त काडी ओढायची होती. ओस्मोला म्हटलं, पेटव.

‘‘हवा बरोबर नाही.’’

‘‘हवेला काय झालंय?’’

‘‘धूर खाली बसेल.’’

बसला बाकावर, पाठ तळ्याकडे, तोंड आरशाकडे, गालाला साबण. साबण वाळला तरी वस्तरा हलला नाही. मी दोनदा ओरडले. मग पलीकडे विल्योचा धूर चढला. सरळ, दोरीसारखा. त्याच क्षणी ओस्मो उठला आणि म्हणाला, ‘‘आता बरोबर आहे.’’

दरवर्षी हेच. विल्यो पहिला पेटवतो आणि आमचा आळशी त्याच्या मागून. माझ्या माहेरी असतं तर आम्ही त्याला हरवलं असतं. तसं म्हटलंही. ओस्मो म्हणाला, ‘‘शर्यत आहे का?’’ एरवी प्रत्येक गोष्टीत शर्यत असते.

सौना चांगला तापला. नंतर धक्क्यावर बसलो, अंगातून वाफा निघत होत्या. पलीकडेही धक्क्यावर एक पांढुरका ठिपका बसलेला. आमचा पांढुरका ठिपका तळ्याकडे पाठ करून बसला.

१० जुलै, मंगळवार

विश्रांती घेतली. इतका वेळ बसले की पाय सुजले. बसून जो रक्तदाब वाढतो तो कोणी मोजत नाही.

११ जुलै, बुधवार

पाऊस. कंटाळा. ओस्मोने छत्री धरून दाढी केली.

१२ जुलै, गुरुवार

दुकानगाडी. काउको म्हणाला, ‘‘विल्यो आज आला नाही.’’

‘‘भोंगा वाजवलास?’’

‘‘दोनदा. पाव फाटकाच्या आकड्याला अडकवून आलो.’’

‘‘खाली त्याच्या घरापर्यंत जाऊन बघायचं होतंस.’’

काउकोला हे ऐकून लाजच वाटली. ‘‘न बोलावता कसं जायचं कोणाच्या काठावर? माणूस झोपला असेल. एकटं राहावंसं वाटत असेल. बेरी वेचायला गेला असेल.’’

‘‘बेरी अजून हिरव्या आहेत.’’

‘‘मग पिकायची वाट बघत असेल,’’ काउको म्हणाला आणि गाडी सुरू केली.

ओस्मो सगळं चाकापाशी उभा राहून ऐकत होता. या वेळी चाकाबद्दल काही बोलला नाही. घरी आल्यावर दाढी केली. संध्याकाळी पुन्हा केली. गाल बीटासारखा लाल झालाय. मी त्याला लोणी लावायला दिलं.

१३ जुलै, शुक्रवार

आज बोलावंच लागलं. सकाळपासून तो आरशासमोर. साबण नाही, वस्तरा नाही. नुसता बसलेला. कॉफी तिथे नेली, तिथेच थंड झाली. आरशात इतका वेळ काय बघायचंय या वयात? जे आहे ते काही वाढणार नाही, कमीच होणार.

म्हटलं, ‘‘तुला विल्योची काळजी वाटतेय का?’’

‘‘कोणाची?’’

‘‘वाटत असेल तर जाऊन बघ. वल्ही आहेत, बोट आहे.’’

‘‘बोलावलं नाही त्याने.’’

‘‘मी जाते.’’

‘‘तू नको जाऊस,’’ तो इतक्या जोरात म्हणाला की झाडावरचा कावळा उडाला. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘उद्या शनिवार आहे. उद्या पेटवेलच की.’’

यात तथ्य होतं. शनिवारी सौना न पेटवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आमच्या गावी लढाईतसुद्धा शनिवार चुकला नव्हता. म्हणून गप्प बसले. आता रात्री वाटतंय, नको होतं बसायला.

१४ जुलै, शनिवार

रात्र झालीय पण उन्हाळ्यात इथे रात्रीही उजेड असतो, म्हणून लिहून टाकते. हात दुखतोय.

दुपारपर्यंत सगळं तयार होतं. ओस्मो आरशासमोर. मी म्हटलं, पेटव. म्हणाला, ‘‘हवा बरोबर नाही.’’ एक पान हलत नव्हतं. तळं काचेसारखं. अशी हवा वर्षात चार दिवस मिळते. मी थांबले. बटाटे उकडले. परत म्हटलं. परत तेच. मी वर बघितलं. पलीकडे झाडांवर आभाळ, आणि आभाळात काही नाही.

‘‘ओस्मो,’’ मी म्हटलं, ‘‘त्याचा धूर नाही.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘तुला कसं माहीत? तुझी तर तिकडे पाठ आहे.’’

त्याने आरसा बाहीने पुसला. मी बोट ढकलली. तो म्हणाला, ‘‘मी येणार नाही,’’ आणि बोटीत येऊन वल्ह्यांवर बसला.

असा वल्हवला की मला कडेला धरून बसावं लागलं. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते, तेव्हा भावाच्या काठाकडे बघितलं असं कोणी म्हणू शकणार नाही. काठ लागल्यावर उतरला मात्र नाही. ‘‘मी बोट धरतो.’’ खुंटी होती, दोर होता. पण वाद घालायला मला वेळ नव्हता.

विल्योच्या धक्क्याजवळही पाइन आहे. त्याच्यावर खिळा, खिळ्यावर दाढीचा आरसा, समोर बाक, पाठ तळ्याकडे, आरशात आमचा काठ. अगदी आमच्यासारखं. मला धक्काच बसला. म्हणजे हे घराण्यातच आहे. सासरे काही एवढे नटवे नव्हते, सासूकडून आलं असेल.

खोपट रिकामं. टेबलावर वेलदोड्याचा पाव, दगड झालेला. मी हाक मारली. सौन्याकडून आवाज आला, ‘‘दार उघडंच आहे, वहिनी.’’

सौन्याच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला. ओठ फुटलेले. शेजारी तांब्याची बादली, तळाशी जरासं पाणी.

‘‘कधीपासून?’’

‘‘गुरुवार सकाळ. शनिवारसाठी पायऱ्या घासत होतो. साबणावरून गेलो.’’ मग म्हणाला, ‘‘सौना पेटवायचा राहिला. पायावर उभं राहता येईना. भट्टीचं दार उंच आहे.’’

‘‘सौना गेला चुलीत! ओरडला का नाहीस? तुझा खोकला ऐकू येतो आम्हाला. एक हाक मारली असतीस तर गुरुवारीच आलो असतो.’’

विल्योने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वेडी. ‘‘तुम्ही सुट्टीवर आलाय, वहिनी. काउको म्हणाला, तुला डॉक्टरांनी शांतता सांगितलीय. आरडाओरडा कसा करायचा?’’

मी त्याला पाणी पाजलं. शिव्याही दिल्या. त्याने दोन्ही घेतलं. मग विचारलं, ‘‘दादाने पेटवला का?’’

‘‘नाही.’’

‘‘का? हवा तर चांगली आहे.’’

मी बाहेर येऊन ओरडले. ‘‘ओस्मो! इकडे ये!’’

‘‘जिवंत आहे?’’ तो ओरडला. आवाज कुठून काढला कोण जाणे, मी असा ऐकला नव्हता.

‘‘आहे! पाय मोडलाय! ये!’’

‘‘बोट कोण धरेल?’’

‘‘बुडू दे बोट!’’

आला. धावत आला म्हणता येणार नाही, पण एक बूट वाटेत चिखलात राहिला आणि तो घ्यायला थांबला नाही. दारात उभा राहिला. खाली बघितलं. एवढ्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मी लिहून ठेवते.

‘‘मोडलाय,’’ ओस्मो म्हणाला.

‘‘हो,’’ विल्यो म्हणाला.

दाराची फळी काढून तिच्यावर पाय बांधला. त्याच्या बाजूने रस्ता लांब, आमच्या बाजूने जवळ, म्हणून उचलून बोटीत घातलं. मी पुढे बसले. विल्योला मागच्या बाजूला टेकवला, ओस्मो मध्ये वल्ह्यांवर. म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर. वल्हवणाऱ्याला वळता येत नाही आणि लंगड्याला उठता येत नाही. मी मुद्दाम तसं बसवलं नाही. बोटच तशी असते.

मध्यावर आल्यावर विल्यो म्हणाला, ‘‘गालाला काय झालं?’’

‘‘वस्तरा,’’ ओस्मो म्हणाला. ‘‘तुझ्या?’’

विल्योने गाल चाचपला. पायाच्या दुखण्यात विसरला असावा. त्याचाही सोललेला होता. ‘‘वस्तरा.’’

रस्त्यापर्यंत ओस्मोने त्याला पाठीवर नेलं. मोठ्या रस्त्यावरच्या गोठेवाल्यांकडे फोन आहे, त्यांचा गवताचा ट्रॅक्टर रस्त्यात भेटला, त्या गवतावर त्याला झोपवून तिथवर, आणि तिथून रुग्णवाहिकेने गावातल्या दवाखान्यात. ओस्मो बरोबर गेला, एका बुटावर. मी एकटी परत आले.

आज सौना झाला नाही. जन्मात पहिल्यांदा. मी मोरीत बादलीने अंग धुतलं आणि थोडं रडले. डोळ्यांत साबण गेला होता.

१७ जुलै, मंगळवार

ओस्मो रोज बसने दवाखान्यात जातो. काल त्याच्या हाती मटाराचं सूप पाठवलं. मी विचारलं, ‘‘बूट चावत नाही का आता?’’ म्हणाला, ‘‘नाही.’’

‘‘काय बोलता दोघं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘इतका वेळ?’’

‘‘खोलीत आणखी चार माणसं आहेत,’’ ओस्मो म्हणाला. ‘‘त्यांनाही बोलायचं असतं.’’

आज जाताना पाइनवरचा आरसा काढून घेऊन गेला. विल्योला दाढी करायला लागेल म्हणे. दवाखान्यात आरसे नसतात का? पण दिला म्हणजे दिला.

विश्रांती: आज खरंच घेतली. कोणीच नव्हतं. धक्क्यावर आडवी झाले आणि झोप लागली. उठले तेव्हा नाकावर डास आणि तोंड उन्हाने भाजलेलं. रोज अशी विश्रांती घ्यायची असेल तर गिरणी बरी.

१९ जुलै, गुरुवार

काउको आला, टोपी हातात घेऊन. ‘‘मी खाली जायला हवं होतं,’’ म्हणाला.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

त्याला वाटलं असावं, मी ‘जाऊ दे’ म्हणेन. थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने मला वेलदोडे दिले आणि पैसे घेतले नाहीत. मी ठेवून घेतले. विल्योला पाव कसा करायचा ते एकदा दाखवावं लागणार आहे, सेल्मा असती तर तिला बघवलं नसतं.

२१ जुलै, शनिवार

विल्योला सोडलं. मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर. एकटा राहू शकत नाही, म्हणून आमच्याकडे. हे कोणी ठरवलं? कोणी नाही. ओस्मोने खाट आणून ठेवली आणि तिच्यावर विल्यो बसला.

‘‘दादा, माझे मोजे राहिले पलीकडे,’’ विल्यो म्हणाला. ओस्मो एकटा बोट घेऊन गेला. परत आला तेव्हा हातात तांब्याची बादली. मोजे विसरला.

मी विचारलं, ‘‘डॉक्टर सौन्याबद्दल काय म्हणाले?’’

‘‘पाय ओला करायचा नाही, एवढंच म्हणाले,’’ विल्यो म्हणाला. ‘‘बाकीच्या माणसाबद्दल बोलले नाहीत.’’

सौना पेटवायची वेळ झाली. ओस्मो आणि विल्यो दोघंही बाकावर बसून राहिले. वाट कसली बघतायत? आता पलीकडे कोण पेटवणार? मी काडेपेटी घेतली आणि मीच पेटवला. धूर सरळ वर गेला. दोघं वर बघत राहिले, तोंड उघडं टाकून, जसं काही धूर कधी बघितलाच नाही.

बाया आधी, म्हणून मी आधी जाऊन आले. मग ते. प्लास्टर आत न्यायचं नव्हतं. तोड काढली ती अशी: विल्यो आत खालच्या फळीवर दाराशी बसला, दार अर्धवट उघडं, पाय बाहेरच्या खोलीत तिपाईवर, ओस्मोच्या रेनकोटात गुंडाळलेला. आणि पायाशी मी, पाणी उडालं तर पुसायला. डॉक्टरीणबाई, ही माझी विश्रांती. आतली सगळी गरम हवा माझ्या तोंडावर.

ओगराळं बादलीत बुडाल्याचा आवाज आला. तांब्यावर तांबं. तो आवाज मी विसरले होते. सासरे आठवले.

‘‘टाकू?’’ ओस्मोचा आवाज.

‘‘टाक.’’

फस्स झालं.

‘‘पुरे?’’

‘‘अजून.’’

फस्स. मग विल्यो म्हणाला, ‘‘शेवटचं लाकूड मी टाकलं होतं.’’

माझा हात रेनकोटावर तसाच राहिला.

‘‘नाही,’’ ओस्मो म्हणाला. ‘‘मी.’’

‘‘मी, दादा. सेल्माने हटकलं होतं मला. नको टाकू म्हणाली. तरी टाकलं.’’

‘‘तू टाकून गेल्यावर मी टाकलं. म्हणजे शेवटचं माझं.’’

‘‘तू कुठून टाकशील? तू तर गवतात झोपला होतास.’’

‘‘सोंग होतं.’’

‘‘मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?’’

‘‘तू बोललास?’’

‘‘तरी माझंच शेवटचं. तुझं नंतर टाकलेलं पेटलंच नसेल.’’

‘‘माझं नाही पेटलं?’’ ओस्मोचा आवाज चढला. ‘‘वाळलेलं पाइन होतं ते! तुझं काय होतं? ओलं आल्डर!’’

‘‘ओलं? मी स्वतः फोडून वाळवलेलं, दोन उन्हाळे! आणि तू मला—’’

तिपाई हलायला लागली. मी विल्योच्या उघड्या अंगठ्याला कचकचीत चिमटा काढला. ‘‘ज्याने टाकलं त्याने टाकलं! आता पाणी टाका नाहीतर बाहेर या. मी इथे शिजतेय.’’

मग फस्स आवाज आला, मोठा. मग हसल्यासारखं काहीतरी. कोण ते कळलं नाही. दोघांचं खोकणं आणि हसणं सारखंच आहे.

एकाने टाकलं असतं तर बहुतेक सौना जळलाच नसता. दोघांनी टाकलं म्हणून जळला. सासऱ्यांना हे तेव्हाच कळलं असणार. पण मला कोण विचारतं.

प्लास्टर ओलं झालं नाही. जरा दमट झालं.

२२ जुलै, रविवार

सकाळी बाकावर दोघांनी दाढ्या केल्या. आरसा नाही. तो दवाखान्यातच राहिला, विल्यो म्हणतो, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला आवडला म्हणून देऊन टाकला. मी म्हटलं, पलीकडे तुझ्या पाइनवर आहे एक, ओस्मो घेऊन येईल. ओस्मो म्हणाला, ‘‘कशाला? चालतंय.’’

चालतंय कसलं? दोघांनी तळ्याकडे तोंड करून, अंदाजाने वस्तरा चालवला आणि दोघांनी हनुवट्या कापल्या. पण दोन मिनिटांत उरकलं. घराण्याचं दाढीचं वेड एकदाचं गेलं म्हणायचं. मी रक्तावर चिकटवायला जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे दिले.

कॉफी तिथेच नेली. आज कोणाची थंड झाली नाही. नंतर मी भांडी घासली, गादी झाडली, मासे साफ केले, आणि बघते तर दोघं अजून तिथेच. हनुवट्यांना कागद, प्लास्टर बादलीवर टेकवलेलं, नजर समोरच्या काठावर. तिथे काही नाही. रिकामं खोपट, बंद सौना, आकाश.

‘‘काय बघताय?’’ मी विचारलं.

‘‘काही नाही,’’ ओस्मो म्हणाला.

विल्योने बोट ओलं करून वर धरलं. ‘‘हवा बरोबर आहे,’’ म्हणाला.

रविवार होता. पेटवायचं काहीच नव्हतं. तरी ओस्मोने मान हलवली.

मीही बसले मग त्यांच्याजवळ. विश्रांती म्हणून लिहून ठेवते.